केशरची भाकर

वाशीम स्टँडवर माझ्या शेजारी एक मुलगी आजीला दिवंगत आजोबांचं पत्र वाचून दाखवत होती. त्यांनी मित्राला लिहिलेलं ते पत्र आता त्या मित्राच्या घरून परत आलं होतं.

“आबा प्रोफेसर, पन अक्षर पाय कसं! ‘काल सगळे प्राध्यापक जेवायला आले. केशरी भाकर...’ केशरी?”

“केशरी नाही व, केशरची. माह्या हातची. माह्या भाकरीले लय हसले होते ते सारे. मी मंग कधी त्यांच्यासमोर गेलीच नाही.”

“थांब आजी. ‘शेवटच्या चतकोरासाठी भांडणं झाली. तो मीच खिशात लपवला. सगळे पोट धरून हसले.’”

“खिशात? मले काहून नाही सांगतलं या मानसानं!”

“आजी, रिसोडची गाडी लागली.”

“जाऊ दे. पुन्यांदा वाच.”

गाडी माझीही होती. घरी आता वाट पाहणारं कुणी नाही. मीही ऐकत बसलो.