घोटभर आणखी

(तुळजापूरच्या वाटेवर, नवरात्रात चालत येणाऱ्यांसाठी उभारलेला औषधोपचाराचा तंबू. भर दुपार. सतरंजीवर गौराबाई, उशाशी मुलगा रुद्रेश, समोर सिस्टर राजेश्वरी.)

सिस्टर : तो तांब्या आधी खाली ठेवा.

रुद्रेश : अवो सिस्टर, ऊन लागलंय आईला! पाण्यावाचून जीव चाललाय तिचा, अन् तुमी...

सिस्टर : ऊन लागलं असतं तर जीभ कोरडी पडली असती. ही बघा, ओली आहे. हात सुजून बांगड्या कशा रुतल्यात मनगटात! उलट्या कधीपासून?

रुद्रेश : सकाळपास्नं. डोकं लई दुखतंय म्हणली. आता तर मला वळखंना. तिचे वडील, आप्पा, समजून बोलतीय, अन् आप्पा तर कवाच गेले.

सिस्टर : पोटात काय आहे मावशींच्या?

रुद्रेश : उपास हायत घटाचे. त्यात औंदा अळणी धरलंय, मिठाचा कण न्हाय. माझी पोरगी दुखण्यातनं उठली, त्याचा नवस.

सिस्टर : आणि पाणी?

रुद्रेश : ते मात्र कमी पडू दिलं न्हाय! जागोजागी लोक तांबे घिऊन उभे. देवीच्या वाटंवर पुढं आलेलं पाणी परतवू नये, म्हणती. लिंबूपाण्यात मीठ, म्हणून ते न्हाय. नुसतं पाणी, हरेक मांडवात.

सिस्टर : अरे देवा. घामातून मीठ गेलं, पोटात मीठ नाही, वरून पाण्यावर पाणी. रक्तातलं मीठ पार उतरलं असणार. असं झालं की मेंदूला सूज चढते.

रुद्रेश : पाण्यानं? पाण्यानं कुणाला काय होतंय व्हय?

सिस्टर : झटके येतात. माणूस जातंसुद्धा. दवाखान्याची गाडी निघालीय, तोवर एक घोट द्यायचा नाही.

गौराबाई : नीर... नीर ब्याड...

रुद्रेश : ऐकलं का? पाणी मागतीय! सकाळपास्नं हेच चाललंय. मागितलं की म्या पाजतोय. तोंड फिरवायची, तरी मान धरून पाजलं. घोटभर आणखी, घोटभर आणखी म्हणत.

सिस्टर : तुम्हाला कानडी येतं?

रुद्रेश : न्हाय. तिचं माहेर कर्नाटकात, आळंदकडं. आमच्या घरात आजी हसायची तिच्या बोलण्याला, म्हणून सोडलं तिनं. नीर म्हंजी पाणी, एवढं कळतंय मला.

सिस्टर : आणि ब्याड?

रुद्रेश : ...काय?

सिस्टर : ब्याड म्हणजे नको.

गौराबाई : ब्याड... ब्याड...

रुद्रेश : सिस्टर, म्या... मान धरली हुती तिची. ह्या हातांनी.

सिस्टर : रडायला मागनं वेळ आहे. त्यांना कुशीवर वळवा. हां, असं. झोपू देऊ नका, बोलत राहा त्यांच्याशी.

रुद्रेश : कसं बोलू? माझं कळंनाच झालंय तिला. आई, ए आई! लई भ्या वाटतंय वो मला. कानडीत... 'मी हितंच हाय' कसं म्हणत्यात?

सिस्टर : ना इल्ले अदीनि.

रुद्रेश : ना... इल्ले... अदीनि. आई? ना इल्ले अदीनि.