डावी मूठ

ओपल : चाक घसरलं म्हणतोस, मग भिंतीवर लाल पट्टीच्या वर तो काळा ओरखडा कुणी काढला?

व्हर्जिल : सकाळी फळ्या दवाने ओल्या होत्या. घसरली गाडी, सावरली मी. त्यात एवढं काय?

ओपल : घसरली की गाडी खाली येते, व्हर्जिल, वर जात नाही. लग्न झाल्यापासून या मौतच्या विहिरीची तिकिटं विकतेय मी. एवढं मलाही कळतं.

व्हर्जिल : मग वीक ना तिकिटं. चारचा खेळ आहे, लोक जिन्यापाशी जमायलाही लागलेत. डुकरांच्या स्पर्धेचा निकाल लागला की अख्खी जत्रा इकडे वळेल.

ओपल : वळू दे. मी पाटी लावते, गाडी बिघडली, आज खेळ नाही.

व्हर्जिल : काल नाही, परवा नाही, आज पण नाही. कमिटीवाले आपली जागा त्या कुत्र्यांच्या सर्कशीला देऊन मोकळे होतील. आणि उद्या कुठली गाडी आणणार आहेस? आपल्या इंडियन स्काउटच्या इंजिनाचं कवचच तडकलंय. गाड्यांच्या दुकानवाल्या एमिलकडे जाऊन आलो ना सीडर रॅपिड्सला. स्प्रिंगफील्डचा इंडियन गाड्यांचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या पत्रांना कुणी उत्तर देत नाही. म्हाताऱ्याने इंडियनची पाटी उतरवली आणि आता ट्रॅक्टरचे पट्टे विकायला बसलाय. टाकीवरच्या त्या पिसांच्या टोपाच्या चित्रापायी जन्म घालवला त्याने. बोलताना रडला माझ्यापुढे.

ओपल : आणि तू हार्लीवर बसलास. माझा भाऊ अशीच मिलवॉकीची हार्ली घेऊन आला, तर अंगणात लावू दिली नाहीस तू. कोठाराच्या मागे लाव म्हणालास, भर पावसात.

व्हर्जिल : पाऊस मी पाडला नव्हता. आणि ही उसनी आहे. हंगाम संपला की ज्याची त्याला परत. कुणी ओळखू नये म्हणून टाकीला लाल रंगसुद्धा मारलाय.

ओपल : हो, ते एक बरं केलंस. बाहेरून इंडियन, आतून हार्ली. लोक फसतील, तुझे हात कसे फसायचे? लोरेटा, ये इकडे. सकाळी काय पाहिलंस ते तुझ्या बापाला सांग.

लोरेटा : पपा, तुम्ही डावी मूठ फिरवलीत.

व्हर्जिल : तू कुठे होतीस?

लोरेटा : वर, काठावर. बाक पुसत होते. तुम्ही चढत चढत पट्टी ओलांडलीत आणि रेस कमी करायला डावी मूठ मागे घेतलीत. इंजिन नुसतं खोकलं, वेग तसाच. पुढचं चाक काठाच्या लोखंडी दोराला घासलं, तेव्हा तुम्हाला उजवी आठवली.

व्हर्जिल : आठवली ना?

लोरेटा : दोराने आठवण करून दिली. चार वाजता त्या दोराच्या मागे माणसं वाकून उभी असतात, पपा. पोरांना खांद्यावर घेऊन.

व्हर्जिल : मला शिकवतेस? अगं, आयुष्यभर रेस या डाव्या हातात होती. स्प्रिंगफील्डवाल्यांची रीतच ती, उजवा हात मोकळा पाहिजे. त्याच मोकळ्या हाताने काठावरच्या बायांच्या हातातले रुमाल उचलतो मी, लोक येतात कशाला? मिलवॉकीवाल्यांनी सगळं उलटं करून ठेवलंय. रेस उजवीकडे, डावीकडे नुसती इंजिनाची ठिणगी मागेपुढे करायची मूठ. दोन दिवसांत सवय होते कुणालाही.

ओपल : डोक्याला होते, हाताला नाही. माणूस दचकला की हात कुणाला विचारत बसत नाही, आपला आपण फिरतो.

व्हर्जिल : मी दचकत नाही.

ओपल : सकाळी काय नाचत होतास?

लोरेटा : मुठी बदलून नाही का घेता येणार? इकडची तिकडे?

व्हर्जिल : एमिलला विचारलं होतं. तारा पुरत नाहीत, मुठींचे आटे वेगळे, नवं सगळं मागवावं लागेल. पुढच्या आठवड्यात येईल म्हणतो. तोवर जत्रा उठलेली असेल.

लोरेटा : मग मी चढते.

व्हर्जिल : तू?

लोरेटा : मी.

व्हर्जिल : माझ्या पुढ्यात हँडलवर बसून हात हलवणं वेगळं, पोरी. मागे मी असतो. विहिरीत एकटं फिरणं म्हणजे काय, तुला ठाऊक नाही.

लोरेटा : मला ही गाडी ठाऊक आहे. माझे हात उजव्या रेसवरच तयार झालेत. दुसरी सवयच नाही त्यांना.

व्हर्जिल : आपल्या घरात मिलवॉकीची गाडी कधी होती?

लोरेटा : घरात नव्हती. मर्लकडे होती.

व्हर्जिल : मर्ल कोण?

ओपल : दूधवाल्या हाउप्टचा मुलगा. गेल्या हिवाळ्यापासून चाललंय. तुला सोडून सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

व्हर्जिल : हार्ली चालवतो?

ओपल : बघ, मुलगी कुणाबरोबर फिरते याचं काही नाही, गाडी कुठली ते आधी विचारतोय. ही कुणाची वाटली तुला? हाउप्टकडून आणली म्हणाले होते ना मी? हाउप्टच्या मुलाचीच आहे. तू त्याच्या टाकीला लाल रंग फासलास, तरी बिचारा एक शब्द बोलला नाही.

व्हर्जिल : म्हणजे माझ्या पाठीमागे घरात हे सगळं चाललं होतं.

लोरेटा : सांगितलं असतं तर तुम्ही त्याची गाडी कोठारामागे लावायला लावली असती. पपा, राग नंतर काढा. तुम्ही एमिलकडे गेलात त्या सकाळी मी भिंतीवर चढले होते. काल पहाटेही.

व्हर्जिल : कुठपर्यंत?

लोरेटा : पट्टीपर्यंत. जाऊन, फिरून, खाली आले.

व्हर्जिल : एकटी? दार कुणी धरलं?

ओपल : मी.

व्हर्जिल : तू? लेस्टरला पुरून आलो त्या दिवशी माझा हात धरून कोण म्हणालं होतं, पोरगी या विहिरीत एकटी चढणार नाही म्हणून?

ओपल : मीच म्हणाले होते. लोरेटा, तू जा. जिन्यापाशी गर्दी झालीय, त्यांना रांगेत घे.

लोरेटा : मम्मी, वेळ होत आला.

ओपल : जा म्हटलं ना.

व्हर्जिल : तिच्यासमोर लेस्टरचं नाव काढायला नको होतं मी.

ओपल : तिच्यासमोर नको होतं, माझ्यासमोर काढायलाच हवं होतं. इतकी वर्षं तू काढलंच नाहीस. माझा भाऊ कसा गेला, व्हर्जिल?

व्हर्जिल : तुला माहीत आहे. चाक घसरलं.

ओपल : आज सकाळीही चाकच घसरलं म्हणालास. त्याच तोंडाने.

व्हर्जिल : ओपल, आता हे नको.

ओपल : लेस्टर मिलवॉकीच्या गाडीचा माणूस होता. जन्मभर उजव्या हाताने रेस दिली त्याने. तू त्याची चेष्टा केलीस, म्हणालास, खरी गाडी चालवून दाखव. आणि तुझ्या लाल स्काउटवर बसवून त्याला भिंतीवर पाठवलंस. तो वर गेला तो गेलाच. त्याला खाली आणलं तेव्हा तू डॉक्टरला बोलवायला धावलास. त्याच्यापाशी मी होते. हँडलची उजवी मूठ उपटून त्याच्या हातात आली होती आणि ती अशी आवळलेली की बोटं सुटेनात. एकेक करून मी सोडवली. डावा हात उघडाच होता.

व्हर्जिल : तू कधी बोलली नाहीस.

ओपल : कुणाशी बोलू? तुझ्याशी? तू रात्री उठून बसायचास, ते दिसत होतं मला. म्हटलं, याला माहीत आहे, पुरे झालं. माझा भाऊ परत येणार नव्हता आणि मला नवराही घालवायचा नव्हता. राग गेला असं समजू नकोस. आहे तसा आहे.

व्हर्जिल : मी त्याला सांगितलं होतं, रेस डावीकडे आहे. वर जाण्याआधी दोनदा सांगितलं.

ओपल : त्याच्या डोक्याला सांगितलंस.

व्हर्जिल : हो.

ओपल : मला आज कुणाची बोटं सोडवायची नाहीत. तू चढायचा हट्ट सोडणार नव्हतास, ती मागे हटणार नव्हती. दोघांतल्या एकाला पाठवायचंच असेल, तर ज्याचा हात खरा फिरतो त्याला पाठवावं, असं ठरवलं मी. असलं ठरवणाऱ्या आईला काय म्हणतात ते तू म्हण. मला शब्द सुचत नाही.

व्हर्जिल : ठरवलंस म्हणजे? लोरेटा कुठे आहे?

(विहिरीच्या आत दाराचा अडसर पडतो. इंजिन सुरू होतं.)

व्हर्जिल : दार उघड, ओपल.

ओपल : आतून लावलंय.

व्हर्जिल : लोरेटा! अडसर काढ!

ओपल : ओरडू नकोस, ती दचकेल. आता तिला दचकवायचं नाही. ऐक, खालच्या उतारावर आहे अजून.

व्हर्जिल : वरून बघतो. जिन्याने जातो.

ओपल : जिन्यावर पाय ठेवायला जागा नाही. आणि काठावर तुझं तोंड दिसलं की ती तुझ्याकडे बघेल.

व्हर्जिल : चढली. भिंतीवर चढली बघ. फळ्या हलायला लागल्या.

ओपल : हात लावून बघ इथे. अख्खी विहीर थरथरतेय. तू आत असलास की मी रोज इथेच हात ठेवते.

व्हर्जिल : बरी चालवतेय. घाई नाही करत. दुसरा फेरा. तिसरा.

ओपल : तुला आवाजावरून कळतं, मला नुसता धडधडाट. सांगत राहा.

व्हर्जिल : मधल्या फळ्यांवर आहे. आता थोडी रेस दिली. अजून थोडी. पट्टीपाशी आली असेल. इथून खाली यायला हवं आता.

ओपल : येतेय का?

व्हर्जिल : नाही. चढतेय. वर लोक मागे सरकले, पाय वाजले त्यांचे. पट्टी ओलांडली तिने. बस झालं, सोड रेस. पोरी, सोड. मूठ मागे घे. घे मागे.

ओपल : व्हर्जिल.

व्हर्जिल : काय?

ओपल : तुझ्या हाताकडे बघ.

व्हर्जिल : कुठल्या?

ओपल : जो फिरवतोयस त्या.

व्हर्जिल : डावा आहे.

ओपल : हो.

व्हर्जिल : मी जमिनीवर उभा आहे, ओपल. गाडीवर नाही, काही नाही. तरी डावा.

ओपल : हो.

व्हर्जिल : तिला सांगू नकोस.

ओपल : तिला सकाळीच कळलंय. आता बोलू नकोस, मला आवाज ऐकू दे.