कोतवालाची बायको

प्रकाशकांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. जुन्या काळात घडणाऱ्या माझ्या रहस्यकथेच्या पुढच्या भागातून कोतवालाची बायको काढून टाका, वेग येईल, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचंच बरोबर असावं, असं मला वाटे.

दातांच्या दवाखान्यात शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीच्या हातात माझा पहिला भाग होता.

"खुनी कळला का, जाऊबाई?"

"शेवटचं पान आधीच वाचलं. कारकून."

"अगंबाई! मग आता काय वाचताय?"

"कोतवालाची बायको. तो घरी आला की ती आधी त्याचे जोडे बघते. कुठला चिखल लागलाय ते."

"म्हणजे तिला संशय आहे?"

"त्यालाही तिचा आहे. मीठ वाढता वाढता दोघं एकमेकांची उलटतपासणी घेतात."

"तुमचे दीर हल्ली जोडे बाहेरच पुसून येतात."

"काय सांगतेस?"

"काही नाही. वाचून झालं की मला द्या."

"देते. शेवटचं पान तेवढं आधी वाचू नकोस."

"ते नकोच मला. ती जोडे बघते, ते कुठल्या पानावर आहे?"

माझा नंबर पुकारला, तेव्हा मी दवाखान्याबाहेर पडलो होतो. समोरच्या टपाल कार्यालयात कार्ड घेतलं, 'बायको राहील' एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.