बंद काचांचा एसी

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला दोघांनी वेगवेगळं बजावलंय. पण तुम्ही मैत्रिणी, म्हणून सांगते.

आमच्या जुन्या गाडीच्या एसीचा गॅस गळत होता. पप्पांनी पाइपला साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले तिथं चिकटपट्टी गुंडाळली, गॅस भरून आणला आणि गल्लीभर सांगितलं, "एसी घरीच दुरुस्त केला!" दुसऱ्या दिवशी गॅस गायब.

"काचा वर," पप्पा म्हणाले. "गल्ली संपेपर्यंत घाम पुसायचा नाही. आणि कुणाला सांगायचं नाही."

कोपऱ्यावर शेजारच्या इराप्पाकाकांनी हात केला. त्यांची गाडी मुलानं नेली होती आणि त्यांना वळसंगला जायचं होतं. पप्पांनी त्यांना पुढं बसवलं, पण आता काचा उघडायच्या कशा? काका टोपीनं वारा घेत म्हणाले, "एसी लई भारी हाय की!"

"अजून वाढवू?" पप्पांनी बारीक आवाजात विचारलं.

"नगं, नगं! मला गार सोसत न्हाय. काच जरा खाली घेऊ का?"

"घ्या की!" म्हणत पप्पांनी ऐटीत एसीचं बटण बंद केलं.

उतरताना काका माझ्या कानाशी वाकले. "पोरी, आमच्या गाडीचाबी गॅस गेलाय. आमीबी गल्लीत काचा वर करूनच हिंडतो. पप्पांना सांगू नगंस."

तेव्हापासून दोन्ही गाड्या गल्लीत समोरासमोर आल्या, की दोघं घामाघूम होऊन बंद काचेआडून एकमेकांना हसून हात करतात, आणि मी मागच्या सीटवर... आले, पप्पा! हो, काच वर घेते, पण आज तरी घाम पुसू द्या!