सव्वीस नंबरचा बिल्ला

नाही गं, बस की, ही खुर्ची आमच्या ह्यांची आहे खरी, पण ते काही आता यायचे नाहीत — पोट बिघडलंय, केबिनमध्ये पडलेत — तू बस. अगं-तुगं केलेलं चालतं ना? माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून म्हटलं. केस पूस आधी, दुपारच्या पोहण्याने अजून ओलेच आहेत, आणि शिडं उघडल्यापासून वारा कसा झोंबतोय बघ. नवरा कुठाय तुझा? पुढे, दोर ओढू लागलाय? हौशी दिसतो. आमच्या ह्यांनाही भारी हौस — इंजिनाचं जहाज नको, शिडाचंच हवं, लग्नाला तीस वर्षं झाली त्याची सहल म्हणे. मला विचारलं का? नाही विचारलं. मला पाण्याची भीती, तोंड धुतानासुद्धा डोळे उघडे ठेवते मी — हे त्यांना माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं.

तू होतीस ना परवा, पहिल्यांदा पोहायला थांबलो तेव्हा? मी आपली शिडीच्या खालच्या पायरीवर नुसते पाय बुडवून बसले होते. ह्यांनी पाय ओढला आणि डोकं धरलं पाण्याखाली — भीती मोडायची म्हणून — जरा श्वास घेऊ दिला, की परत. वरून सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. तूही वाजवल्यास. नाही, राग नाही माझा, वरून गंमतच दिसत असणार ती. मुलीलाही असंच शिकवलं त्यांनी, चार वर्षांची होती — शिकली, छान पोहते म्हणे, कुठल्या गावी पोहते ते मात्र ठाऊक नाही, नऊ वर्षं झाली घरी आलेली नाही. जाताना एवढंच म्हणाली, आई, तू टॉवेल घेऊन काठावर उभी होतीस. होते उभी. काय करणार होते मी? आणि आज जेवताना हे म्हणाले, उद्या शिडीबिडी काही नाही, उद्या थेट कठड्यावरून टाकतो तुला, बघू कशी शिकत नाहीस. असं म्हणाले आणि भात वाढून घेतला.

तुझा बिल्ला तूच फिरवतेस की नवरा? शिडीशेजारच्या फळीवरचा गं — पाण्यात उतरताना लाल बाजू, वर आलं की पांढरी. आमच्या ह्यांच्या कधी लक्षात राहायचं नाही. ओल्या अंगाने तसेच चहाला जाणार, मग खलाशी ओरडणार, सव्वीस नंबर पाण्यात आहे का, सव्वीस नंबर — मग हे चिडणार, माझ्यावर. म्हणून पहिल्या दिवसापासून मीच फिरवते. आजही फिरवला.

आज फिरवला तेव्हा — हे आपल्या दोघींत ठेव — ते वर आलेले नव्हते. म्हणजे मला वाटलं, आले असतील. वाटलं म्हणजे — दिसत होते मला, त्या काळ्या खडकापाशी, हात हलवत होते, बघ किती लांब आलो म्हणून. बाकीचे सगळे चढले, फळी सगळी पांढरी, एकच लाल. खलाशी नांगराकडे वळला होता. मी हात लावला. एका बोटाचं काम आहे गं ते. त्याने फळी बघितली, शिडी वर घेतली. मला वाटलं आता विचारेल, बाई, तुमचे मिस्टर कुठायत — विचारलं असतं तर सांगितलं असतं मी, खोटं नाही बोलत. कोणी विचारलंच नाही. मग शिडं फुगली, आणि मी चहाचे दोन कप घेतले, एक त्यांचा, एक माझा, आणि दोन्ही मीच प्यायले. किती वर्षांनी इतका शांतपणे चहा प्यायले असेन.

चार वाजले ना? म्हणजे दोन तास झाले. पोहण्यात पक्के आहेत ते, खडकावर चढून बसले असतील, घसा कोरडा करत असतील माझ्या नावाने. फक्त एक आहे — सकाळी नांगर टाकला तेव्हा तो खडक दिसतच नव्हता. ओहोटीला वर आला तो, दुपारी. भरती परत किती वाजता असते, तुझ्या नवऱ्याला माहीत असेल का?

अशी का बघतेस? पोट बिघडलंय असं मी म्हणाले ना मघाशी — ते असंच, कोणी विचारलं तर सांगायला तयार ठेवलं होतं. तूच पहिल्यांदा विचारलंस. नाही, विचारलंही नाहीस, नुसती येऊन बसलीस.

जायचंय तुला? जा की. कप्तानाला सांग, सगळं सांग, मी नाही म्हणायची नाही. यायला दोन तास लागले, परत जायला वारा तोंडावर, म्हणजे जास्तच. लवकर जा मग. मी काही तुला धरून ठेवलेलं नाही — हो, हा हात माझाच आहे. सोडते. सोडते गं, थांब जरा. — जा आता.