घोडे किती?

...नाही, पण मला सांगा, दुकानदाराने गिऱ्हाइकालाच विचारायचं असतं का हो? मी आपला दुकानात शिरलो, म्हटलं, होडीला मागे लावायचं मशीन दाखवा. तर तो टाय घातलेला पोरगेला माणूस हसला आणि म्हणाला, "दाखवतो ना सर! किती एचपीचं? म्हणजे किती घोड्यांच्या ताकदीचं?" आता मला माहीत असतं तर मी तुझ्याकडे कशाला आलो असतो बाबा? भिंतीला ओळीने टांगलेली मशिनं, दोनपासून चाळीसपर्यंत, सगळी खाली मान घालून उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी! मी म्हटलं, "होडी सोळा फुटी आहे." तो म्हणाला, "मस्त!" मी म्हटलं, "लाकडी आहे." तो म्हणाला, "वा!" अहो वा काय? घोडे किती?

तर आधीपासून सांगतो. सत्तावीस वर्षं मी वल्ही मारतोय. होडीत आम्ही दोघंच, मी आणि आमची ही. मी वल्हवायचं, तिने जाळं सोडायचं, आणि ओढायचं मात्र दोघांनी. मासे मिळतात खाडीच्या तोंडाबाहेर, आणि तोंडाशी पाण्याला केवढी ओढ असते! यंदा माझा डावा खांदा गेला. गेला म्हणजे काय, सदरा घालायलाही बायको लागते. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरला, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वल्हवणं बंद." मी म्हटलं, "किती दिवस?" म्हणाल्या, "दिवस नाही मोजायचे. बंद." बाहेर आलो. बराच वेळ चालल्यावर ही म्हणाली, "होडी विकायची का हो?" तुम्हाला सांगतो, खांद्यापेक्षा ते जास्त दुखलं. मी म्हटलं, "विकायची कशाला? मशीन लावू!" असं छातीठोकपणे बोलून तर गेलो. पण घोडे किती?

आणि मला एक सवय आहे, वाईट म्हणा, चांगली म्हणा... एकदा प्रश्न डोक्यात शिरला की तो मला जेवू देत नाही. एक घोडा म्हणजे नेमका कोणता घोडा? शर्यतीतला की गाडी ओढणारा? तरणा की म्हातारा? कुणीतरी कधीतरी तो घोडा मोजला असेलच ना? आणि पाण्यात घोड्याचा संबंध काय? बैल का नाही? हिला विचारलं, तर म्हणाली, "भात गार होतोय."

मग गेलो आमच्या शेजाऱ्याकडे. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण तो दाराची कडी काढेपर्यंत आलेला माणूस परत गेलेला असतो. त्याच्याकडे दोन घोड्यांचं मशीन. म्हणाला, "घे... लावून... बघ. दोन... पुष्कळ." इवलंसं मशीन, पिशवीत घालून नेलं मी! लावलं, सुरू झालं, शिवणयंत्रासारखा आवाज. धक्क्यापर्यंत झकास. पण तोंडाशी आलो तर भरतीचं पाणी आत येतंय आणि आम्ही बाहेर निघालोय. मशीन चालू आहे, पंखा फिरतोय, मागे फेस निघतोय, आणि धक्क्याचा तो गंजलेला खांब जो माझ्या उजव्या हाताला होता, तो उजव्या हातालाच! पाच मिनिटं झाली, दहा झाली. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या माणसाने मान वर करून विचारलं, "जाताय का येताय?" मी म्हटलं, "जातोय!" तो म्हणाला, "बरं बरं," आणि दोन हात जाळं विणून परत वर बघून म्हणाला, "अजून आहात का?" ही म्हणाली, "त्यांना तरी नीट उत्तर द्या, रोजची ओळख आहे." शेवटी पाणीच आम्हाला घरी घेऊन आलं.

म्हणजे दोन नाही. एवढं कळलं. पण मग किती?

तेवढ्यात मेव्हण्याला बातमी लागली. हिचा धाकटा भाऊ. त्याच्या घरचा मिक्सर लावला की शेजारची भांडी पडतात, अशी त्याची आवड. म्हणाला, "भावोजी, कमी घेऊन पस्तावाल! ताकद हातात असलेली बरी, वापरायची नाही तर नका वापरू!" ऐकायला किती बरोबर वाटतं बघा! मलाही वाटलं. त्याने स्वतःचं पंचवीस घोड्यांचं मशीन आणलं, तिघांनी मिळून उचललं, मागच्या फळीवर ठेवलं... आणि होडी मागे बसली हो! नुसतं ठेवल्याबरोबर! एखाद्या जाड्या पाहुण्याने बाजेच्या कडेला बसावं तशी. मी म्हटलं, "अरे, ही मागून बुडतेय." तो म्हणाला, "वेग घेतला की उचलते, भावोजी. ताई, तू पुढे बस, वजनाला." ही बसली पुढे, मांडीवर टोपली घेऊन. त्याने मूठ पिळली.

तुम्हाला सांगतो, मी बायकोकडे सत्तावीस वर्षं समोरून बघतोय, खालून कधी बघितलं नव्हतं! नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, गेली आभाळात, त्यावर ही, टोपली घट्ट धरून, आणि आम्ही दोघं मागे खड्ड्यात. मी ओरडलो, "कमी कर!" त्याने घाबरून एकदम बंदच केलं. आणि आमच्याच मागून येणारी आमचीच लाट, ती थांबते होय? ती आली सरळ फळीवरून आत! गुडघ्याएवढं पाणी, टोपली तरंगतेय, मेव्हणा म्हणतोय, "असं होतं कधीकधी," आणि ही आपटून खाली आलेली, कोपर खरचटलेलं. ती एवढंच म्हणाली, "मला किनाऱ्याला सोड." भावाला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

त्या दिवशी मी खरंच घाबरलो. तोवर गंमत वाटत होती. किनाऱ्याला येऊन पाणी उपसताना बघतो, तर मागच्या फळीला केसाएवढी चीर. म्हणून होडी ओढत नेली होडीवाल्या सुतारकाकांकडे. वय ऐंशीच्या पुढे, माझी होडी त्यांच्याच हातची. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काय लावलं होतंस हिला?" मी सांगितलं. म्हणाले, "सगळ्या गावाला विचारलंस. होडीला विचारलंस का?"

आता होडीला कसं विचारायचं? तर त्यांनी घमेल्यात पाणी भरलं, एक लाकडाची ढलपी त्यात सोडली आणि मला म्हणाले, ढकल. बोटाने हळू ढकलली, गेली. जरा जोरात ढकलली, जोरात गेली. आणखी जोरात ढकलली... तर मागून बुडाली, नाक वर! "बघितलंस? ही पाणी कापत जाणारी जात. पाण्यावरून उडणारी नव्हे. एका वेगापर्यंत धावते, त्यापुढे कितीही घोडे लाव, ती फक्त स्वतःच्याच लाटेवर चढत बसते." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी त्या घमेल्यापाशी उकिडवा बसून कितीतरी वेळ ढलप्या ढकलत होतो. जाड ढकलली, पातळ ढकलली, वर खिळा ठेवून ढकलली. ही म्हणाली, "काका, यांना घरी न्यायचंय मला."

पण काकांचं संपलं नव्हतं. होडी पाण्यात उतरवली, त्यात आम्हा दोघांना बसवलं, जाळं, नांगर, बर्फाची पेटी, तेलाचा डबा, सगळं ठेवायला लावलं आणि खडू घेऊन विचारलं, "परत येताना मासे किती असतात?"

मी म्हटलं, "चार टोपल्या."

ही म्हणाली, "दोन."

मी म्हटलं, "अगं, चार असतात की!"

"एकदा होत्या. आपलं लग्न झालं त्या वर्षी."

काका माझ्याकडे बघतायत. दुकानदाराला मी चार सांगितल्या होत्या, मेव्हण्याला चार, डॉक्टरीणबाईंनासुद्धा चार, त्यांचा काय संबंध! काका म्हणाले, "चार टोपल्यांना दहा घोडे लागतील, फळी बदलावी लागेल. दोन टोपल्यांना आठ, आहे त्या फळीला पट्टी मारून देतो. आता सांग." खाडीचं पाणी होडीला थपथप लागतंय, ही समोर बसलीय कोपराला पट्टी बांधून... मी म्हटलं, "दोन." तुम्हाला सांगतो, तेवढा एक शब्द बोलायला मला एवढी वर्षं लागली! आणि काकांनी नुसती मान हलवून होडीच्या कडेला, दोन टोपल्यांनी पाणी जिथवर चढेल तिथे, खडूची रेघ मारली, कुणी हसलं नाही, काही नाही.

मग परत दुकान. मी ऐटीत म्हटलं, "आठ!" टायवाला म्हणाला, "मस्त! लांब दांड्याचं की आखूड?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हे आणखी काय? तर हिने पिशवीतून सुतळी काढली, तिला गाठ मारलेली. "फळीची उंची इथपर्यंत आहे. बघा कुठलं बसतं ते." आखूड बसलं.

मशीन लावलं आणि तेव्हा कळलं की ते सुरू करायला दोरी ओढावी लागते. झटक्याने. खांद्यातून. मी दोरीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "सरका." एका झटक्यात सुरू! आता सुरू करणारा माणूस मागे बसणार, आणि मागे बसणाऱ्याच्या हातात मूठ. भरतीच्या पाण्यातून तोंडाबाहेर अशी अलगद निघालो, नाळ जागच्या जागी, खडूची रेघ पाण्याच्या वरच... मी म्हटलं, "आता डावीकडे, आपल्या जागेवर." ती समोरच बघत होती. म्हणाली, "अहो, त्या खडकाच्या बेटामागे काय असतं?"

सत्तावीस वर्षं रोज बघतोय ते बेट, वल्ही मारत तिथवर कोण जाणार, म्हणून कधी गेलोच नव्हतो. गेलो. मागे काय होतं? उथळ हिरवं पाणी, तळाची वाळू दिसणारं, आणि खडकावर पांढरे पक्षी, शेकड्याने. तिने मशीन बंद केलं.  मग तिने हात पाण्यात बुडवला आणि म्हणाली, "विकली असती तर?" मीही हात पाण्यात बुडवला.

आता मी पुढे बसतो. पुढे बसणाऱ्याचं काम असतं दिशा दाखवायचं, म्हणून मी रोज हात करून दाखवतो, डावीकडे घे, उजवीकडे घे. ती मान डोलावते, "हो हो" म्हणते... आणि तिला जिथे जायचं असतं तिथेच जाते.