बूट घालून तुडवलेला थर

तुम्ही माझ्या अनवाणी कामाला हसता, म्हणून हे सांगतो. पंच्याण्णव साली कानडी मुलखात आनेकलजवळच्या एका जुन्या तलावाचा मातीचा बांध पाझरत होता. तो मधोमध खोदून आम्ही आत चिकणमातीचा नवा गाभा भरत होतो. मी सातवीत शाळा सोडलेली. माझं काम एकच: रोलर फिरायच्या आधी भिजवलेला थर पायांनी तुडवायचा आणि सुकं ढेकूळ लागलं की उपसून काढायचं. ते राहिलं, तर पाणी तिथूनच वाट काढतं. हे मला मुनियप्पा अण्णांनी शिकवलं. त्यांचा जन्म बांधांवरच गेला होता.

एकदा आमच्या मराठी साहेबांनी मला त्यांचे जुने बूट दिले. "अरे, मातीत शिंपले आहेत. पाय कापतील."

आयुष्यातले पहिले बूट! तो थर मी ते घालूनच तुडवला.

"झाला का?" साहेबांनी विचारलं.

"झाला, साहेब."

रोलर सुरू झाला. तेवढ्यात अण्णा मला म्हणाले, "थर कोणी बघितला? तू, की बुटांनी?"

साहेबांनी दिलेली वस्तू त्यांच्यासमोरच काढून ठेवायची, म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात वर करून रोलर थांबवला, बूट काढले आणि खाली उतरलो. चौथ्याच पावलाला मुठीएवढं ढेकूळ लागलं. पुढे आणखी दोन.

साहेब काठावर बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"साहेब, स्वल्प... जरा जपून," अण्णा म्हणाले, "शिंपले खरंच आहेत."